दारामागच्या रेघा

३ सप्टेंबर, रविवार

कटिंग मशीन जुनं घेतलं, स्वस्तात पडलं, असं मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो. आज निवांत बसून खरा हिशेब मांडला.

मशीनची किंमत नव्याच्या निम्मी. भाडं, बसवणी आणि नवं पातं धरून पाऊणपट. त्याला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे कापणाऱ्याचे दोन्ही हात बटणांवर आणि बोटं शाबूत. पण त्यात प्रत्येक गठ्ठ्यामागे दोन-तीन सेकंद जात. म्हणून मी एका बटणाच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून खुपसला. बटण कायमचं दाबलेलं राहिलं. तुकडा कातरणातला, किंमत शून्य. रोजचा वाचलेला वेळ वीस मिनिटं. ती वीस मिनिटं मी फाटकात उभा राहून चहा प्यायचो.

एकूण खर्च: पाऊणपट किंमत आणि माझा डावा हात, मनगटापासून पुढे. जमा: अकरा महिन्यांचा चहा.

मशीन महाग पडलं. तुकडा मीच खुपसला होता, त्यामुळे कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

ही वही माझ्याच कारखान्यातली. दोनशे कोरी पानं, कापडी पाठ. आम्ही शाळा-कचेऱ्यांची रजिस्टरं बांधतो. सोळाव्या वर्षी मी डोक्यावरून कागदाचे गठ्ठे वाहत होतो, आज माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. शाळेत फार शिकलो नाही. जे काही शिकलो ते कानांनी. माणूस काय बोलतो यापेक्षा कुठून बोलतो ते मी ऐकतो. खरं बोलणाऱ्याचं अंग त्याच्या शब्दांबरोबर असतं. 'पोटात गोळा आला' म्हणणाऱ्याचा हात पोटाकडे जातो. 'डोकं फिरलं' म्हणणारा कपाळ चोळतो. खोट्याच्या बोलण्यात अंगच नसतं, नुसते इस्त्री केलेले शब्द असतात, सरकारी पत्रातल्यासारखे. एवढ्या एका खुणेवर मी माणसं ठेवली, उधारी दिली, एक भागीदार काढला. तीस वर्षांत फसलो नाही.

दुसरी गोष्ट. सात आठवडे झाले, पण या तोंडातून त्या हाताचं नाव निघालेलं नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ पायाच्या अंगठ्यासाठी दिवसभर रडायचा. आपण एक अक्षर काढलं नाही. घरात विचारा, कारखान्यात विचारा. झालं ते झालं, उगाळायचं नाही.

उद्यापासून कामावर.

४ सप्टेंबर

आत शिरलो तर सगळे उठून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा रे. हातातलं काम टाकून उभं राहायला मी काय पाहुणा आहे?"

कोणी हसलं नाही. शिलाईच्या मावशींनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने फरशीकडे पाहिलं. मग मावशी उठल्या, "दोरा आणते" म्हणाल्या आणि गोदामात गेल्या. रीळ त्यांच्या समोरच होतं.

मुकादम माझ्याकडे अठरा वर्षं आहे. त्याच्या बोलण्यात कायम अंग असायचं. "मालक, हातासरशी उरकतो." "एवढं हातावेगळं करतो, मग जेवतो." "हातची ऑर्डर घालवू नका." आज म्हणाला, "मालक, सर्व काम व्यवस्थित सुरू आहे. शाळेची रजिस्टरं वेळेत पूर्ण होतील."

व्यवस्थित. हा शब्द त्याने अठरा वर्षांत माझ्या कानावर घातला नव्हता.

"तुला काय झालं रे? नीट बोल की."

"नीटच बोलतोय, मालक."

"मग हात चोळत का उभा आहेस?"

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. मावशी आत्ताच गोदामातून आल्या होत्या, त्या पुन्हा उठून गेल्या.

कटिंग मशीनवर जुनी चादर टाकलेली आहे. कापलेले गठ्ठे मात्र टेबलावर रचलेले. विचारलं, कापलं कोणी? मुकादम म्हणाला, "सोय केली आहे."

कुठे केली, ते सांगितलं नाही. सोय हाही त्याचा शब्द नव्हे.

६ सप्टेंबर

शाळेचे हेडक्लार्क रजिस्टरांचा नमुना बघायला आले. मोकळा माणूस. आल्याआल्या म्हणाले, "मालक, तुमच्या अपघाताचं ऐकून हातपायच गळाले आमचे. आणि यंदा वरून बजेटही कमी आलंय, जरा हात आखडता घ्यावा लागेल."

तेवढ्यात मुकादमाला असा खोकला लागला की घडी घालणाऱ्यांची कामं थांबली. हेडक्लार्क बिचारे "पाणी घ्या, पाणी घ्या" करत राहिले.

मी त्यांना सांगितलं, "काळजी नको. तुमच्यासाठी मी कधी हात राखून काम केलेलं नाही. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेणाऱ्यातला मी नाही." गडी खूश होऊन गेला. पाठीमागे मावशी गोदामातून बाहेर येत होत्या. त्यांच्या बोटांना पांढरं लागलेलं होतं. खळ असती तर चिकट दिसली असती, हे कोरडं होतं.

इथे लिहून ठेवतो: मी गिऱ्हाइकाशी बोलायला लागलो की कोणीतरी गोदामात जातं.

नसलेला हात आज दिवसभर दुखला. बोटं मुठीत आवळलेली वाटतात आणि मूठ उघडत नाही. ज्याला बोटंच नाहीत त्याने मूठ उघडायची कशी, हे विचारायला माणूस नाही.

९ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी खळीचं पातेलं घासायचं काम सर्वात नव्या माणसाचं. आठवडाभराची खळ बुडाला दगडासारखी बसते, म्हणून ते नव्याच्या गळ्यात. आज बघतो तर मावशी घासत होत्या. पंधरा वर्षं शिलाईवर असलेली बाई.

"मावशी, तुम्ही का?"

"माझी पाळी."

"कसली पाळी? इथे पाळी कधीपासून आली?"

"आली," म्हणाल्या आणि तारेचा चोथा जोरात फिरवायला लागल्या. त्यांची जीभ म्हणजे कागद कापायची सुरी. माझ्या तोंडावर मला चेंगट म्हणालेली बाई ती. आज दोन शब्दांवर थांबली.

माझ्या गैरहजेरीत माझ्या कारखान्यात पाळ्या ठरल्या, शिक्षा ठरल्या. ठरवल्या कोणी?

११ सप्टेंबर

नाक्यापलीकडे बाइंडिंगचं दुसरं दुकान आहे. त्याच्या मालकाला आमच्याकडे सगळे गुळ्या म्हणतात. बोलणं तसंच, गोड आणि चिकट. आज तो आपणहून भेटायला आला. येताना फळं.

बसल्याबसल्या म्हणाला, "काय सांगू, ऐकलं तेव्हा माझ्या काळजाला घरं पडली." आणि हात छातीवर, डाव्या बाजूला, नेमका. "दोन दिवस घास उतरला नाही घशाखाली." बोटं गळ्याशी. "माझ्या पायाखालची जमीनच सरकली." त्याने खरंच पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

मी बारकाईने बघत होतो. एकही शब्द अंगाशिवाय नाही. इतकी वर्षं मी याला उगाच नावं ठेवली की काय, असं वाटलं.

मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या कानावर घालावं की नाही, कळत नव्हतं. तुमचा मुकादम माझ्याकडे येतो. हल्ली तर एक दिवसाआड."

"कशाला?"

"आता ते मी कसं सांगू? जुनं माणूस आहे, त्यालाही पुढचं बघायला हवं. आणि मालक, राग मानू नका, आता तुम्ही कशाला ही दगदग? मशीन आणि ऑर्डरी मी घेतो. माणसंही सांभाळतो."

"विचार करतो," म्हटलं. "माझे हात काही बांधलेले नाहीत."

तो गेल्यावर मुकादमाला विचारलं, "तू नाक्यापलीकडे जातोस?"

तो म्हणाला, "कामानिमित्त जावं लागतं."

कामानिमित्त.

१३ सप्टेंबर

दुपारी जेवायला घरी आलो. चपला बाहेर काढल्या, आवाज केला नाही. मुद्दाम नव्हे, आता एका हाताने दार ढकलायचं तर सावकाशच ढकललं जातं. स्वयंपाकघरात बायको आणि लेक बोलत होत्या. लेक तिच्या सासरहून महिनाभरासाठी आली आहे, आणि आल्यापासून घरातल्या प्रत्येक डब्याला ती नवी जागा देते.

लेक म्हणत होती, "आई, बाबांसमोर चुकूनसुद्धा नाही हं. मी कारखान्यात सगळ्यांना बजावलंय. मुकादमांनी शब्द दिलाय मला."

"अगं, पण किती दिवस? माझ्याच तोंडून सकाळी निसटलं असतं. जीभ चावली."

"बाबा स्वतःहून विषय काढेपर्यंत. ते एकदा बोलले की मग मोकळं. तोवर कळता कामा नये."

मी पुन्हा बाहेर जाऊन चपला वाजवल्या. बायको म्हणाली, "आलात? बसा, वाढते." रोज म्हणते, हातपाय धुऊन घ्या. आज तेवढंही नाही.

पोटच्या पोरीने आणि अठरा वर्षांच्या माणसाने मिळून माझ्यापासून काहीतरी दडवलंय. मी विषय काढेपर्यंत, म्हणजे मी थकून 'विकून टाकूया' म्हणेपर्यंत. न कळण्यासारखं काय आहे त्यात?

भात गिळला. घास खरंच घशाखाली उतरत नव्हता. गुळ्या आठवला.

१५ सप्टेंबर

पट्टी बदलायला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हसऱ्या आहेत. मी म्हटलं, "बाई, जखम भरली, पण इथे काळजात कोणीतरी सुरी फिरवतंय." आणि छातीवर हात ठेवला.

त्यांनी माझा हात धरून उजवीकडे खाली सरकवला, बरगड्यांखाली. "काळीज इथे असतं. खाटकाला विचारा. तुम्ही दाखवत होता ते हृदय."

"मग सगळे तिकडे का हात ठेवतात?"

"दुसऱ्यांना ठेवताना बघून. धडधडतं तिकडे म्हणून हात तिकडे जातो आणि तोंडात शब्द यकृताचा येतो. माझ्या आजोळी दुसरी भाषा बोलतात. तिथे माणसाचा धीर गुडघ्यांत असतो आणि राग मानेत. आपल्याकडे राग नाकावर. अंग सगळ्यांचं तेच, पत्ते तेवढे वेगळे."

मी माझी खूण सांगितली, शब्द आणि अंग बरोबर असण्याची. त्या म्हणाल्या, "मग नाटकातली माणसं सगळ्यांत खरी म्हणायची."

पोरगी हुशार आहे, पण तिने धंदा केलेला नाही. मी न दिसणाऱ्या मुठीचं विचारणार होतो. पुढचा माणूस दारात आला म्हणून उठलो.

१६ सप्टेंबर, शनिवार

या शनिवारी पातेलं घडीवाल्याने घासलं. मावशी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि सुपारी कातरावी तशी त्याला कातरत होत्या. "बोल आणखी. बोल की. तोंडाला लगाम नको, पातेल्याला चोथा नको."

मी जवळ गेल्यावर उठून स्टूल आवरायला लागल्या.

"काय बोलला हा?" मी विचारलं.

"काही नाही मालक. जास्त बोलला."

म्हणजे बोलण्यावर शिक्षा आहे. माझ्यासमोर काही बोललं की पातेलं. एवढं मला कळलं. गुपित मोठं असल्याशिवाय कोणी एवढा बंदोबस्त करत नाही.

१८ सप्टेंबर

आज मुकादमाला एकट्याला समोर बसवलं. म्हटलं, "तुला मी हाताला धरून हे काम शिकवलं. तू माझा उजवा हात आहेस असं मी दहा जणांत सांगत आलो. आता तुझ्या मनात काय आहे ते सांगून टाक. मी हात जोडतो तुला."

बोललो मात्र, आणि त्याचा चेहरा पांढरा झाला. डोळे माझ्या गुंडाळलेल्या बाहीवर, मग दुसरीकडे. मग म्हणाला, "मालक, माझ्या मनात काही नाही. मी आपला आभारी आहे."

आभारी आहे. निरोप समारंभात म्हणतात तसं.

अपराधी माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा होता. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? घरी येऊन पत्र लिहिलं. "आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही." तीनच ओळी, पण चार वेळा लिहिल्या. कागद धरायला दुसरा हात नसला की ओळ तिरकी जाते. शेवटी दगडाखाली दाबून लिहिलं.

गुळ्याला निरोप पाठवला: शनिवारी संध्याकाळी या.

२१ सप्टेंबर

पत्र खिशात आहे. तीन दिवस झाले, द्यायला हात होत नाही. मुकादम सकाळी सर्वांच्या आधी येतो. दुपारच्या सुट्टीत डोक्यावर गठ्ठा घेऊन बाहेर जातो आणि घामाघूम होऊन परत येतो. जेवताना मी त्याला पाहिलेलं नाही. हे आज लक्षात आलं.

२३ सप्टेंबर, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी पत्र द्यायचंच, असं ठरवून उठलो. त्याआधी गोदामातला माल स्वतः मोजावा म्हणून आत गेलो. पुठ्ठा पुरा, कापड पुरं, दोरा पुरा. काही गेलेलं नव्हतं. बाहेर पडताना दार ओढलं आणि दाराची मागची बाजू समोर आली.

दारावर खडूने उभे रकाने आखले होते. वर प्रत्येकाची खूण: मुकादम, मावशी, घडीवाला, असे नऊ. खाली रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, जसे आम्ही गठ्ठे मोजतो. कोणाच्या दहा, कोणाच्या पंधरा. आणि अगदी कडेला दहावा रकाना. वर लिहिलं होतं 'मा'. त्याच्या रेघा दाराच्या वरपासून खालपर्यंत गेल्या होत्या आणि मग चौकटीवरून भिंतीवर उतरल्या होत्या.

मी मुकादमाला हाक मारली. तो आला, दार पाहिलं, मान खाली घातली.

"हे काय आहे?"

"मी सांगू शकत नाही, मालक."

"माझ्या दारावर माझ्या नावाच्या रेघा आहेत. माझ्या चुका मोजता? माझे राहिलेले दिवस मोजता?"

"तुमच्या लेकीला शब्द दिलाय."

मी पत्र काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने ते घेण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्यामागून मावशी आल्या. त्यांनी खांद्यावरून पत्र वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागतो. तोवर आम्ही दोघं तसेच उभे.

मग त्या म्हणाल्या, "हात."

मुकादम म्हणाला, "मावशी."

"हात, म्हटलं. घाल माझ्या नावावर आणखी एक रेघ. दोन घाल. घासते पातेलं. मालक, तुमच्या लेकीने सगळ्यांना बजावलं, बाबा त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, आतल्या आत कुढतात, तर त्यांच्यासमोर 'हात' हा शब्द काढायचा नाही. हातभार नाही, हातासरशी नाही, हातघाई नाही, हात दे नाही, काही नाही. म्हटलं, बाई, मग बोलायचं कशाने? आमचं सगळं काम हाताचं, तर बोलणं कुठलं असणार? ज्याच्या तोंडून निसटेल त्याला रेघ. शनिवारी ज्याच्या जास्त त्याला पातेलं."

"आणि 'मा'?"

"ते तुम्ही. तो रकाना मी घातला. म्हटलं, लेकीला दाखवते, की अगं, आम्ही जीभ चावून मरतोय आणि हा माणूस दिवसभर दुसरं काही बोलत नाही. दात पडला की जीभ तिथेच जाते ना, तसं चाललंय तुमचं."

"मी?" मी म्हटलं. "मी तर त्याचं नावही काढलेलं नाही."

मावशींनी दाराकडे बोट केलं, आणि तेही खाली घेतलं.

मी मुकादमाकडे वळलो. त्याच्या रकान्यात चारच रेघा होत्या. "तू तर बरा सांभाळलास. लेकीचा शब्द पाळलास."

"शब्द पाळला म्हणून नाही, मालक." तो पोत्यावर बसला. अठरा वर्षांत तो माझ्यासमोर न विचारता बसलेला नाही. "चार वेळा सवयीने निसटला तेवढाच, एरवी तो शब्द माझ्या तोंडात येतच नाही. त्या दिवशी तुम्हाला टेम्पोत घातलं. दवाखान्यातून फोनवर म्हणाले, तोही आणा, जोडता आला तर बघू. कोणी पुढे होईना. मी उचलला. मशीनच्या टेबलावरून. रजिस्टरच्या कापडात गुंडाळला, बर्फ मिळेपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. गरम होता, मालक. मी तो धरून बसलो होतो. म्हणजे जसा कोणाचा धरतो, तसा. सोडावा की धरावा, कळेना. तेव्हापासून कोणी म्हणालं, माल हाताशी आहे, की माझ्या मांडीवर वजन येतं. परवा तुम्ही म्हणालात, उजवा हात."

हे सांगताना त्याने काही दाखवलं नाही. छातीवर नाही, गळ्याशी नाही. दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये घालून बसला होता.

मी विचारलं, "नाक्यापलीकडे कशाला जातोस?"

"कापून आणायला. इथल्या मशीनला कोणी शिवायला तयार नाही. मलाही जमत नाही. ऑर्डर तर द्यायची होती."

"गुळ्या म्हणाला, तू पुढचं बघतोयस."

"तो म्हणाला, कायमचा ये. मी म्हटलं, आधी हे कापून दे."

मावशी फिसकन हसल्या. मग मीही हसलो, आणि हसता हसता ते हसणं भलतीकडे वळलं. तिथेच, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसून मी बरंच काही बोललो. मूठ उघडत नाही, तेही सांगितलं. मुकादम म्हणाला, "मी उचलला तेव्हा मिटलेलीच होती." आणि मग म्हणाला, "टेम्पोत उघडली. बोटं सरळ झाली होती. मी पाहिली."

मला ते माहीत नव्हतं. सांगायला दुसरं कोणी नव्हतंच.

संध्याकाळी गुळ्या आला. दारातच छातीला हात लावून म्हणाला, काय ठरवलंत? मी म्हटलं, "काळीज उजवीकडे असतं." त्याला काही कळलं नाही. मावशींनी त्याला त्याच्या फळांतली उरलेली दोन सफरचंदं परत दिली.

२४ सप्टेंबर, रविवार

सकाळी लेकीशी बोललो. तिची आधी माफी मागणार होतो, तेवढ्यात ती रडायला लागली, मग ते राहिलं. बायको म्हणाली, "आता तरी हातपाय धुऊन जेवायला बसा," आणि स्वतःच दचकली. मी धुतले. एक हात, दोन पाय.

ते पत्र मी फाडलं नाही. चांगला जाड कागद होता. मुकादमाला म्हटलं, लाव कुठेतरी. त्याने ते शाळेच्या हजेरीपुस्तकाच्या पाठीत अस्तर म्हणून चिकटवलं. वर कापड आलं. ते हजेरीपुस्तक कुठल्या वर्गात जाईल, देव जाणे.

मशीनच्या बटणातला तुकडा काल काढला. हातोडीच्या टोकाने उकरून काढावा लागला. सोमवारपासून दोन बटणं, आणि माझ्या डाव्या बाजूला दुसरं बटण दाबायला मुकादम. जमेल, असं तो म्हणाला. 'व्यवस्थित' म्हणाला नाही.

खळीचं पातेलं नियमाप्रमाणे माझ्या वाट्याला आलं. काल सगळे गेल्यावर घासलं. एका हाताने धरायचं की घासायचं, हे ठरवण्यातच वेळ गेला. शेवटी पातेलं दोन पायांत धरलं. पाऊण तास लागला. मावशींनी ते आज सुट्टीच्या दिवशी येऊन पुन्हा घासलं, असं कळलं.

पुसून टाकायच्या आधी मुकादमाने दारावरच्या रेघा मोजून एका चिठ्ठीवर लिहून दिल्या. ४ तारखेपासूनच्या. चिठ्ठी इथे चिकटवतो.

मुकादम ४. मावशी १९, शनिवारच्या दोन धरून. घडीवाला २३. मालक २६६. बुधवारी खडू संपला, मालकाच्या त्यानंतरच्या धरलेल्या नाहीत.